मनमिळाऊ कुत्र्यांची एकत्र शिकवणी : कोकणात कोण कोण करतंय?

सड्यावरची

दुसऱ्या एका धाग्यावर दोघातिघांनी विचारलं होतं की तुमच्या कुत्र्याला, बंड्याला, नेता ती शिकवणी नक्की असते तरी काय. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा काढते आहे.

आम्ही रत्नागिरीजवळ सड्यावर राहतो. जवळच्या एका आमराईत रविवारी सकाळी पाच-सहा कुत्री आणि त्यांची माणसं जमतात. शिकवणाऱ्या ताईंनी याचं रीतसर शिक्षण घेतलेलं आहे. चोर पकडणं, अंगावर सोडणं, कसरती करणं यातलं काहीही इथे नसतं. शिकवतात ते रोजच्या जगण्यातलं. पाहुणा आला तर चारही पाय जमिनीवर ठेवायचे, साखळी न ताणता चालायचं, हाक मारली की यायचं, तोंडात घेतलेलं सोडायचं, डॉक्टर कान-पाय तपासत असताना शांत राहायचं. आणि शेजारून दुसरा कुत्रा गेला तरी आपल्या माणसाकडे लक्ष ठेवायचं. हे शेवटचं सगळ्यात अवघड. माझ्या मते सगळ्यात मोलाचंही तेच, कारण घरी एकट्याने ते शिकवताच येत नाही.

पडवीत ‘बस’ म्हटल्याबरोबर बसणारा कुत्रा बाजारात ढिम्म ऐकत नाही, तेव्हा लोक म्हणतात की तो हट्टी आहे. तसं नसतं. त्याच्या लेखी पडवीतलं ‘बस’ वेगळं आणि मासळीच्या वासात, रिक्षांच्या आवाजात, समोर दोन अनोळखी कुत्री असतानाचं ‘बस’ वेगळं. प्रत्येक नव्या जागी थोडं मागे येऊन पुन्हा शिकवावं लागतं. एकत्र वर्गात हे अवघडपण ताईंना मापून वाढवता येतं. आज दुसरा कुत्रा वीस पावलांवर, जमलं तर पुढच्या वेळी पंधरावर.

पहिली दहा मिनिटं वर्गात काहीच करायचं नसतं. प्रत्येकाची जागा ठरलेली, दोघांमध्ये भरपूर अंतर, प्रत्येकाचं आपापलं गोणपाट अंथरलेलं. कुत्र्याने जमीन हुंगायची, आजूबाजूला बघायचं, हवं तर आडवं व्हायचं. साखळीवर असताना नाकाला नाक लावून भेटीगाठी नाहीत, हा नियम ताई कडक पाळतात. नव्या माणसांना तो विचित्र वाटतो, "कुत्री एकमेकांशी खेळणार कधी?" असं सगळे विचारतात. पण दिसलेल्या प्रत्येक कुत्र्याला भेटायला मिळतंच अशी सवय लागली की रस्त्यावर तोच कुत्रा ओढतो, भेट झाली नाही तर भुंकतो, आणि आपण म्हणतो की हा भांडखोर झाला.

बसायला कसं शिकवतात ते जरा नीट लिहिते. खाऊचा छोटा तुकडा चिमटीत धरून त्याच्या नाकापाशी न्यायचा आणि तिथून हळूहळू डोक्यावरून मागे सरकवायचा. नाक वर जातं, मान मागे जाते आणि बूड आपसूक खाली येतं. बूड टेकलं त्या क्षणी ‘छान!’ म्हणायचं आणि मग खाऊ द्यायचा. सगळं कसब त्या ‘छान’च्या वेळेत आहे. दोन सेकंद उशीर झाला तर तोवर तो उठून उभा राहिलेला असतो आणि उठण्याबद्दल शाबासकी मिळते. कमरेवर हात दाबून बसवायचं नाही. हे चार-पाच वेळा जमलं की हातात खाऊ न धरता तीच खूण करायची, खाऊ दुसऱ्या हातातून किंवा खिशातून द्यायचा. ‘बस’ हा शब्द त्यानंतर जोडायचा. दर वेळी तीन-चार मिनिटांपेक्षा जास्त नको, कंटाळायच्या आधी थांबायचं.

वर्गाला एक अट आहे, कुत्रा मुळात मनमिळाऊ हवा. माणसांवर किंवा कुत्र्यांवर धावून जाणारा, चावलेला, किंवा चार कुत्री बघून थरथर कापणारा असेल तर ताई त्याला गटात घेत नाहीत, वेगळा वेळ देतात. यात त्या कुत्र्याचा कमीपणा काहीच नाही. भीतीने गोठलेला कुत्रा शिकू शकत नाही, आणि बाकीच्यांचं शिकणंही थांबतं.

अमेरिकन केनेल क्लबची ‘कनाइन गुड सिटिझन’ नावाची चाचणी आहे, १९८९ पासून चालू असलेली. त्यात दहा गोष्टी तपासतात. आमच्या वर्गाची आखणी साधारण त्यावरून केलेली आहे. त्यातली मला सगळ्यात आवडते ती कुत्र्यांच्या भेटीची. दोन माणसं आपापल्या कुत्र्यांसह समोरासमोर येतात, थांबतात, हात मिळवतात, दोन शब्द बोलतात आणि पुढे जातात. कुत्र्यांनी एकमेकांत जुजबी रस दाखवला तर चालतो, त्याहून जास्त नाही. चाचणीच्या वेळी खाऊ दाखवायला परवानगी नसते. बंड्या अजून तिथवर पोचलेला नाही, पण आठवडा बाजारात माझ्या पायाशी उभा राहतो, आणि मला हवं होतं ते हेच.

तुमच्याकडे असं काही चालू असेल तर लिहा. चालू करायचं असेल तर तेही विचारा.

खाडीकाठ

चांगलं लिहिलंय ताई, पण स्पष्ट बोलतो. आमच्या घरी आजोबांपासून कुत्री आहेत. काठी नुसती उचलली तरी गप्प बसतात. खाऊ दाखवून कामं करून घेतली तर खाऊ संपल्यावर कोण ऐकणार? शिवाय कुत्रा सगळ्यांशी गोड वागायला लागला तर वाडीची राखण कोणी करायची? आमच्याकडे काजूच्या दिवसांत चोऱ्या होतात.

सड्यावरची

खाडीकाठ दादा, राखणीची काळजी रास्त आहे. बंड्या अजूनही गेटवर अनोळखी माणूस आला की भुंकतो. फरक इतकाच की मी बाहेर येऊन ‘बरं, बघितलं’ म्हटलं की थांबतो आणि गोणपाटावर जातो. भुंकणं बंद करायला वर्गात कोणी सांगत नाही, थांबायला शिकवतात. खाऊचं म्हणाल तर तो सुरुवातीला दर वेळी, मग कधी द्यायचा कधी नाही. कधी मिळेल हे नक्की नसलं की सवय उलट जास्त टिकते.

काठीबद्दल डॉक्टरांनी लिहावं. आहेत का इथे?

गुरांचा डॉक्टर

आहे. सकाळपासून म्हशीच्या विण्यात अडकलो होतो, म्हणून उशीर.

काठीने कुत्रा गप्प बसतो यात वाद नाही. प्रश्न तो गप्प का बसतो हा आहे. गुरगुरणं ही कुत्र्याची सूचना असते, ‘मला हे नकोय, लांब व्हा’. गुरगुरल्याबद्दल मार मिळाला की तो गुरगुरणं सोडतो, पण नकोसं वाटणं तसंच राहतं. मग एखाद्या दिवशी घरातलं पोर त्याच्या ताटलीपाशी जातं आणि तो सूचना न देता चावतो. घरचे मला सांगतात, "डॉक्टर, अचानक चावला हो." दवाखान्यात हे वाक्य मी फार वेळा ऐकतो.

अमेरिकेतल्या पशुवैद्यकीय वर्तन संस्थेने २०२१ साली कुत्र्यांच्या शिकवणीबद्दल आपली भूमिका जाहीर केली. त्यात त्यांनी सगळ्या कुत्र्यांसाठी, वर्तनाच्या अडचणी असलेल्यांसाठीसुद्धा, बक्षिसावर आधारित पद्धतच वापरावी असं म्हटलं आहे. गळ्याला आवळणारी साखळी, काटेरी पट्टा, विजेचा झटका देणारा पट्टा हे नको. मी स्वतः पेशंटच्या मालकांना साधा रुंद पट्टा किंवा छातीवरून जाणारा हार्नेस घ्यायला सांगतो. ओढणाऱ्या मोठ्या कुत्र्याला छातीपाशी कडी असलेला हार्नेस जास्त उपयोगी.

सूचना फक्त गुरगुरण्याच्या नसतात. भूक नसताना ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, तोंड फिरवून डोळ्याच्या कडेतून बघणं, अंग ताठ करून स्तब्ध उभं राहणं. शेपूट हलते आहे म्हणजे कुत्रा खूश आहे असं समजू नका. ताठ उभी धरलेली, भराभर हलणारी शेपूट ही तणावाची खूण असू शकते. ढिलं अंग, ढिली शेपूट, पुढचे पाय टेकवून बूड वर केलेलं असेल तर तो खेळायला बोलावतो आहे. चांगल्या वर्गात माणसांना आधी हे वाचायला शिकवतात.

मालवणी खाजा

माझो टायगर तसो खूप मायाळू, पण गेटार कोणय इलो की सरळ अंगार उडी मारता. परवा पोस्टमन काका पडतले होते. कितीय ओरडा, ऐकणा नाय. आमच्या गावात असली शिकवणी नाय. मग घरच्या घरी काय करूचा?

सड्यावरची

खाजा, उडी मारणाऱ्या कुत्र्याला लक्ष हवं असतं. ओरडणं, ढकलणं, "ए, नको रे" म्हणणं, हे सगळं त्याच्या हिशोबात लक्षच. म्हणून उडी मारली की माणसाने हात बांधून पाठ फिरवायची, बघायचंही नाही. चार पाय जमिनीवर आले की लगेच खाली वाकून लाड. घरातल्या सगळ्यांनी हे सारखंच केलं पाहिजे. आई दुर्लक्ष करते आणि बाबा उडी मारल्यावर कुरवाळतात असं असेल तर काही उपयोग होणार नाही.

पण पोस्टमन काकांवर सराव नको. आधी घरातल्यांना गेटमधून आत-बाहेर करायला लावायचं, टायगर साखळीवर. मग शेजारी, मग ओळखीचा पाहुणा. पाहुण्याला आधीच सांगून ठेवायचं की टायगर बसल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. सोबत गेटपासून लांब एक गोणपाट टाका आणि गेट वाजलं की खाऊ तिथे टाकायचा. काही दिवसांनी गेटचा आवाज आला की तो स्वतःहून गोणपाटाकडे धावायला लागतो. आमच्या वर्गातल्या एका पॉमेरियनने हे सगळ्यांच्या आधी उचललं.

मालवणी खाजा

बरा झाला सांगलास ता ताई. आजपासून सुरू करतंय. पोस्टमन काकांक आधी सांगान ठेवतंय, तेंका भिती वाटता.

ओहोटी

मी दापोली तालुक्यात किनाऱ्याजवळ राहते. आमच्याकडे या शिकवणीची वेगळी गरज आहे ती सांगते.

ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या साधारण नोव्हेंबर ते मार्चच्या दरम्यान रात्री आमच्या किनाऱ्यांवर येऊन वाळूत अंडी घालतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात आणि पिल्लं बाहेर यायला दीड ते दोन महिने लागतात. वेळास, आंजर्ले, गुहागर इथे कासवमित्र पहाटे किनारा पालथा घालून घरटी शोधतात आणि अंडी कुंपणाच्या आत हलवतात. कोल्ह्यांबरोबर घरटी उकरणारी दुसरी जात कुत्र्यांची. त्यात भटकी असतात तशी सकाळी मोकळी सोडलेली घरचीही असतात. ऑलिव्ह रिडले हा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे, वाघाच्या रांगेतला.

म्हणून माझं म्हणणं, किनाऱ्यावर राहणाऱ्याने कुत्र्याला हाकेला येणं शिकवणं ही हौस नाही. आणि हंगामात पहाटे-संध्याकाळी किनाऱ्यावर साखळी हवीच, कुत्रा कितीही शिकलेला असो. वाळूखालच्या अंड्यांचा वास आला की भलेभले ऐकत नाहीत.

सड्यावरची

ओहोटी, अगदी मनातलं. आमच्या ताई हाकेचा सराव आठ-दहा मीटरच्या सुती दोरीवर घेतात. दोरी हातात गुंडाळायची नाही, जमिनीवर घसरत राहू द्यायची. हाक एकदाच मारायची आणि आपण मागे मागे पळायचं, कुत्रा पाठलाग करत येतो. आला की त्याचा सगळ्यात आवडता खाऊ आणि पुन्हा सोडून द्यायचं, हुंगायला. हे पुन्हा सोडून देणं फार महत्त्वाचं. हाक म्हणजे मजा संपली, आता घरी, असं त्याच्या डोक्यात बसलं तर तो लांबूनच बघत राहतो. आणि हाकेला आलेल्या कुत्र्याला कधीही रागवायचं नाही, त्याने आधी काहीही केलेलं असो.

रापणकर

किनाऱ्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. रापण ओढली की नको ती मासळी वाळूवर पडते. त्यात केंड असतो. तो विषारी, कुत्र्याने खाल्ला तर जीव जाऊ शकतो. शिंगाळ्याचा काटा, पाकटाच्या शेपटीचा काटा, आमिषासकट तुटून पडलेले गळ. आमच्या वाडीतल्या कुत्रीच्या ओठात गळ अडकला होता, दोघांनी धरून डॉक्टरांकडे न्यावी लागली. तोंडात घेऊ नये हे शिकवता येतं का?

सड्यावरची

येतं. दोन धडे वेगवेगळे आहेत. ‘नको’ म्हणजे उचलायचंच नाही आणि ‘सोड’ म्हणजे उचललेलं टाकायचं.

‘नको’साठी खाऊ मुठीत बंद करून मूठ त्याच्यापुढे धरायची. तो चाटेल, नाकाने ढोसेल, पंजा मारेल. गप्प राहायचं. ज्या क्षणी नाक मागे घेईल त्या क्षणी ‘छान’, आणि खाऊ दुसऱ्या हातातून. मुठीतला कधीच द्यायचा नाही. मग उघड्या तळव्यावर, मग जमिनीवर पायाखाली झाकून, मग उघडा, मग चालता चालता शेजारून जाताना. वर्गात शेवटी शेवटी ताई जमिनीवर बांगड्याचं डोकं ठेवतात आणि सगळ्यांनी एकेक करून साखळीवर त्याच्या बाजूने जायचं असतं. मागच्या वेळी एका गावठी कुत्रीने डोक्याकडे बघितलं, मालकिणीकडे बघितलं आणि सरळ चालत गेली. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

‘सोड’साठी अदलाबदल. त्याच्या तोंडात खेळणं असताना त्याहून चांगलं काही नाकापाशी न्यायचं. टाकलं की खाऊ द्यायचा आणि खेळणंही परत द्यायचं. तोंडात बोटं घालून हिसकावून घेत राहिलं तर पुढच्या वेळी तो गिळून टाकतो. केंडाच्या बाबतीत तेच तर नको आहे.

गुरांचा डॉक्टर

रापणकर, गळ अडकला तर घरी ओढून काढू नका, त्याला उलटा काटा असतो. दोरा लांब ठेवून कापा, कुत्र्याला पंजा मारू देऊ नका आणि दवाखान्यात आणा. केंड खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी लक्षणांची वाट बघत बसू नका.

माहेरची_वाट

आम्ही ठाण्यात राहतो, गणपतीला आणि मे महिन्यात गावी येतो. लॅब्रॅडॉर आहे, सगळ्यांवर प्रेम करणारी. पण गावच्या घरी पंचवीस-तीस माणसं, लहान मुलं, आरतीच्या झांजा, भजन रात्रभर. गेल्या वेळी ती पलंगाखाली जाऊन बसली, बाहेरच येईना. यासाठी वर्गात काही करून घेतात का?

सड्यावरची

करून घेतात, पण वर्गापेक्षा घरचं काम जास्त. झांजा-ढोलकीचं रेकॉर्डिंग मोबाईलवर अगदी बारीक आवाजात लावायचं, तिने कान टवकारले तरी पुरे इतकं बारीक, आणि त्याच वेळी जेवण द्यायचं. ती निवांत जेवते आहे असं दिसलं तरच काही दिवसांनी आवाज थोडा वाढवायचा. घाई केली तर उलटा परिणाम होतो. म्हणून गणपतीच्या दोन महिने आधी सुरुवात करा, आदल्या आठवड्यात नको.

गावी पोचल्यावर तिला एक खोली द्या, जिथे पाहुणे जाणार नाहीत. तिचं ठाण्याचं अंथरूण आणा, न धुतलेलं. पलंगाखालून ओढून काढू नका, ती जागा तिने निवडली आहे. मुलांना आधीच बसवून सांगा की मिठी मारायची नाही, जेवताना-झोपताना जवळ जायचं नाही, छातीवर किंवा हनुवटीखाली हात फिरवायचा आणि तीन सेकंदांनी थांबायचं. तिने पुन्हा डोकं पुढे केलं तर अजून लाड, नाही केलं तर पुरे. आमच्या वर्गात शाळकरी मुलं येतात आणि हे मोठ्यांपेक्षा पटकन शिकतात.

गुरांचा डॉक्टर

गणपतीचं निघालं म्हणून खिरापतीबद्दल सांगतो. पंचखाद्यात बेदाणे घालतात. मनुका, बेदाणे, द्राक्षं कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक आहेत, किती खाल्ल्याने त्रास होईल ते प्रत्येक कुत्र्यागणिक वेगळं. म्हणून प्रसाद म्हणून एक चिमूटही नको. चॉकलेट आणि कांदा-लसूणही नको. फटाक्यांना फार घाबरणाऱ्या कुत्र्यांसाठी औषधं असतात, ती सणाच्या आधी दाखवून घ्या, रात्री अकराला फोनवर नको.

काजूबी

वर्गात खाऊ काय नेता? बाजारातली बिस्किटं महाग पडतात. सुकट चालेल का?

सड्यावरची

वास जबरदस्त, कुत्री वेडी होतात. पण सुक्या मासळीला मीठ फार असतं. बिनमिठाची सुकवलेली मिळाली तर उत्तम. आम्ही उकडलेलं चिकन, उकडलेलं अंडं, रताळं, काटे नीट काढलेला उकडलेला मासा नेतो, सगळं मीठ-मसाल्याशिवाय. तुकडा तुरीच्या दाण्याएवढा. वर्गाच्या दिवशी सकाळचं जेवण थोडं कमी द्यायचं, नाहीतर वजन वाढतं. घरी सोप्या कामाला रताळं पुरतं, वर्गात चिकन लागतं.

नवी_पालवी

आमच्या गल्लीतलं गावठी पिल्लू घरी आणलंय, अडीच महिन्यांचं असेल. पहिली लस झाली. सगळे म्हणतात सगळ्या लसी पूर्ण होईपर्यंत उंबऱ्याबाहेर काढू नका. आणि गावठी कुत्रं शिकतं का? शिकवणीत हसतील का?

गुरांचा डॉक्टर

हसत नाहीत, आणि उत्तम शिकतं. गावठी कुत्री आपल्या हवेला सरावलेली असतात, चलाख असतात. फक्त अनोळखी गोष्टींबद्दल थोडी सावध असतात, म्हणून लहानपणीची ओळख त्यांना जास्त गरजेची.

तिसऱ्या ते साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचं मन सगळ्यात मोकळं असतं. या काळात जे बघितलं, ऐकलं, हुंगलं ते पुढे परकं वाटत नाही. लसींचा कार्यक्रम सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतो, दर तीन-चार आठवड्यांनी पुढचा डोस, सोळा आठवड्यांच्या वयापर्यंत. रेबीजची तीन महिन्यांनी, पुढे डॉक्टर सांगतील त्या तारखांना. म्हणजे सगळ्या लसी संपेपर्यंत घरात कोंडलं तर हा मोकळ्या मनाचा काळ निघून गेलेला असतो. मी आधी ज्या पशुवैद्यकीय संस्थेचं नाव काढलं, तिचं म्हणणं असं की पहिल्या लसीनंतर आणि जंताच्या औषधानंतर सात दिवसांनी पिल्लांच्या वर्गाला जायला हरकत नाही, मात्र जागा स्वच्छ हवी आणि येणारी पिल्लं निरोगी, लसीची सुरुवात झालेली हवीत. सार्वजनिक मैदान, स्टँड, कचऱ्याची जागा इथे खाली सोडू नका, पार्वो या जीवघेण्या संसर्गाची भीती असते. कडेवर घेऊन सगळं दाखवा. एसटी, देवळाची घंटा, छत्री, टोपीवाला माणूस, काठी टेकत चालणाऱ्या आजी.

कोकणापुरतं आणखी एक. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा ताप) होतो, तो कुत्र्याला होतो आणि माणसालाही. लसीच्या बऱ्याच संयुक्त डोसमध्ये लेप्टोचा भाग असतो. तो सगळ्या प्रकारांना पुरत नाही, म्हणून लस घेतली तरी डबक्यातलं पाणी पिऊ देऊ नका. आमराईतून आल्यावर बोटांच्या मधे, कानात, पट्ट्याखाली गोचीड बघा. गोचिडामुळे होणारा ताप इथे फार.

खाडीकाठ

डॉक्टर, एक विचारतो. आमच्याकडे बिबट्याचा वावर आहे, म्हणून कुत्रा रात्री साखळीला ठेवतो. मोकळा सोडला तर जाईल जंगलात. शिकवणीवाले म्हणतात बांधू नका.

गुरांचा डॉक्टर

अंगणात उघड्यावर बांधलेला कुत्रा बिबट्याला सगळ्यात सोपा. त्याला पळताही येत नाही. मोकळा नको हे तुमचं बरोबर, पण मग रात्री पडवी जाळीने बंद करून आत, किंवा मजबूत खुराड्यात. आणि तिन्हीसांजेच्या आधी हाक मारून आत घ्यायची सवय, रोज ठरलेल्या वेळी, जेवणाची ताटली आत ठेवून. ही सवय आठवड्याभरात लागते, वर्गही लागत नाही.

खाडीकाठ

जाळीचं बघतो. काठीबद्दल मला अजून पूर्ण पटलेलं नाही, पण गुरगुरण्याचं जे लिहिलंत त्यावर विचार करतोय. घरात नात रांगायला लागली आहे.

वेळणेश्वरची_वाळू

आमचं छोटं होमस्टे आहे, गुहागरच्या बाजूला. पाहुणे कुत्री घेऊन येतात, शिवाय गावात आठ-दहा जणांकडे आहेत. असा वर्ग सुरू करायचा तर काय काय लागेल? रस्त्यावरची कुत्री मधे आली तर?

सड्यावरची

सगळ्यात आधी शिकवणारं माणूस. नुसता धाक दाखवणारा ‘ट्रेनर’ नको. त्यांचा एक वर्ग कुत्रा न नेता बघायला मिळेल का विचारा. नाही म्हणाले तर पुढे जाऊ नका. वर्गात कुत्र्यांच्या शेपट्या पायात गेलेल्या दिसतात की ढिल्या, एवढं बघितलं तरी कळतं.

जागा सावलीची, एका बाजूने तरी बंद. तुमच्याकडे नारळाची बाग असेल तर नारळ आधी उतरवून घ्या. वेळ सकाळी सातची, नऊच्या आत संपलं पाहिजे. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, तो धापेने अंग गार करतो, आणि आपल्या दमट हवेत ते नीट होत नाही. पग, बुलडॉग यांना तर फारच जपायचं. जांभ्याच्या कातळावर उन्हाळ्यात तळहाताची मागची बाजू ठेवून बघा. पाच-सात सेकंद ठेववत नसेल तर त्यांच्या पायांनाही भाजतं.

सुरुवातीला एका शिकवणाऱ्याकडे सहापेक्षा जास्त कुत्री घेऊ नका. प्रत्येकाची लसीची वही बघा. माजावर आलेली कुत्री तेवढे आठवडे घरी. आडोसा म्हणून दोन-चार जुन्या साड्या दोरीवर टाकून ठेवा. एखादा कुत्रा समोरच्याकडे टक लावून बघायला लागला की पाच मिनिटं साडीआड न्यायचं, निवळतो.

गावातल्या मोकळ्या कुत्र्यांना दगड मारू नका, वर्गातली कुत्री ते बघून आणखी बिथरतात. आमच्याकडे एक माणूस फाटकाशी खाऊ घेऊन उभा असतो. कोणी आलं की लांब मूठभर खाऊ जमिनीवर पसरतो, ती तिकडे रमतात. ग्रामपंचायतीच्या मागे लागून नसबंदी आणि रेबीज लसीकरण करून घेता आलं तर उत्तम, २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार ती स्थानिक संस्थेचीच जबाबदारी आहे. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला खाच असते, त्यावरून ओळखता येतं.

वेळणेश्वरची_वाळू

खूप उपयोगी. साड्यांचं सुचलंच नसतं. पावसाळ्यात काय करता? चार महिने बंद?

सड्यावरची

बंद नाही, लहान होतो. एकांच्या गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये एका वेळी तीनच कुत्री. पत्र्यावर पाऊस वाजतो, तोही सराव. त्या दिवसांत चालण्यापेक्षा हाताळणीवर भर असतो. पाय पुसून घेणं, नखं कापून घेणं, कान उघडून बघू देणं, तोंडाला जाळी चढवू देणं. जाळी सगळ्यांना शिकवतात, मनमिळाऊंनाही, कारण दुखापत झाली की कुठलाही कुत्रा चावू शकतो. जाळीत खाऊ ठेवून त्याने स्वतः नाक आत घालायचं, पट्टा बांधायची घाई नाही. बंड्या आता जाळी दिसली की धावत येतो.

ज्यांना वर्ग बघायला यायचं आहे त्यांनी मला व्यक्तिगत निरोप करा, जागा कळवते. पहिल्या वेळी कुत्र्याशिवाय या. दुसऱ्या वेळी लसीची वही, साधा पट्टा, पाच-सहा फुटांची साखळी किंवा दोरी, गोणपाट, पाण्याचं भांडं आणि चिकन. लांब सुटणारी, चाकावर गुंडाळणारी दोरी आणू नका, ताई ती गेटवरच काढून ठेवायला लावतात.